मुकादमाच्या शब्दापासून ट्रेडच्या सर्टिफिकेटपर्यंत

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरीतल्या पुष्कळ घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला अकरावीला घालायचे, की आयटीआयला? फिटर घ्यावा की इलेक्ट्रिशियन? दोन वर्षे घालवून हातात काय पडणार? चर्चा करणारे आईवडील, मामा, मुंबईचे काका या सगळ्यांचे म्हणणे शेवटी एका मुद्द्यावर येते: त्या कागदाला किंमत आहे का?

हा प्रश्न साधारणपणे करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात विचारला जातो आणि तिथेच त्याचे गुळगुळीत उत्तर मिळते. मला तो इतिहासाचा प्रश्न वाटतो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. १८२८ साली स्थापन झालेल्या आमच्या जिल्हा नगर वाचनालयात बसून आणि लोकांच्या ट्रंकांमधले जुने कागद पाहून जे शिकलो तेवढेच माझे शिक्षण. या ट्रंकांमध्ये एक गोष्ट हमखास आढळते. मनीऑर्डरच्या पावत्या, रेशनकार्ड, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका यांच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एखादे सर्टिफिकेट. जमिनीच्या सातबाऱ्याइतकीच त्याची निगा राखलेली असते. एवढी निगा का, याचा शोध घेताना माझ्या लक्षात आले की हा कागद मुळात कारागिरीबद्दल फारसे सांगत नाही. तो सांगतो की या माणसासाठी दुसऱ्या कुणी माणसाने शब्द टाकण्याची गरज नाही. आणि ही गरज कोकणी माणसाला किती महाग पडत होती हे कळल्याशिवाय कागदाची किंमत कळत नाही.

कागद नव्हता तेव्हाही कारागिरी होतीच. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा धरायला शिकायचा, लोहाराचा मुलगा भाता ओढायला. शिकण्याचा खर्च नाही आणि शिकल्याचा पुरावाही नाही, कारण गावात प्रत्येकाला ठाऊक असे कोण कुणाचा. अडचण होती ती या घरांत न जन्मलेल्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी शहरात 'स्कूल ऑफ इंडस्ट्री' नावाची उद्योगशाळा होती. सुतारकाम, लोहारकाम असे विषय तिथे शिकवले जात. जात न बघता हात तयार करायची शाळा ही कल्पना त्या काळाच्या मानाने मोठी होती. पण जिल्ह्याच्या मनात सर्टिफिकेट म्हटले की दुसरेच काही उभे राहायचे. महर्षी कर्वे १८७५च्या सुमारास मुरुडहून काही मुलांबरोबर सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांहून जास्त चालत साताऱ्याला परीक्षेला गेले आणि 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही, ही हकिगत त्यांच्या 'आत्मवृत्ता'मुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती परीक्षा लेखणीची होती. पास झाले की सरकारी नोकरीचे, मास्तरकीचे दार उघडायचे. एवढी पायपीट सुतारकामाच्या दाखल्यासाठी कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. लेखणीच्या दाखल्याने पोट भरायचेच, शिवाय मानही मिळायचा. अवजाराच्या दाखल्याने त्या काळी दोन्हीपैकी एकही गोष्ट नक्की नव्हती.

ज्यांच्याकडे लेखणीही नव्हती ते मुंबईला गेले. १९११च्या जनगणनेत मुंबई शहरात राहणारे, पण जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला असे लोक दोन लाखांहून जास्त भरले. (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून. वाटणी १९८१ साली झाली.) गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे याच जिल्ह्याचे होते. या माणसांना काम कसे मिळायचे? कागदाने नाही, मुकादमाने. इंग्रजी कागदपत्रांत ज्याला 'जॉबर' म्हटले आहे तो हा माणूस खात्यात भरती करी, रजा देई, काढून टाकी आणि पुष्कळदा उधारही देई. कामाला लावण्याबद्दल त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. मालक मंडळींनी १९३५मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली, मुकादमाचे अधिकार हळूहळू छाटले गेले. तरी 'कुणाचा माणूस?' हा प्रश्न गिरणीच्या फाटकावर पुढे बरीच वर्षे विचारला जात राहिला.

मुकादमाच्या पद्धतीला फक्त भ्रष्टाचार म्हणणे मात्र मला पटत नाही. गावचा मुकादम असला की नवख्या पोराला पहिल्या रात्री गावकऱ्यांच्या खोलीत अंथरूण मिळे, खानावळीत महिनाभर उधारी चाले, आजारी पडला तर कुणीतरी बोटीत बसवून देई. दस्तुरी हा एका अर्थाने विम्याचा हप्ता होता. पण हप्ता कधी संपत नसे. आणि हा विमा सगळ्यांना मिळत नसे. गिरणीत जास्त पगाराचे खाते विणाईचे. तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. कारण असे दिले जाई की धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याला वापरावा लागतो. हे लोक सूतकताईच्या, कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडत. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. माग चालवायला शिकणे अवघड नव्हते. माग दुसऱ्याने शिकवावा लागे, आणि शिकवणारा ठरवी कुणाला शिकवायचे. मुद्दा इथे आहे. कौशल्याचे दार ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमची मजुरी.

गिरणीची गोष्ट पुष्कळांनी लिहिली आहे, जहाजाची कमी. आमच्या किनाऱ्यावरचे खलाशी इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर डेकचे काम करत आणि त्यांची भरती सारंग करी. तो समुद्रावरचा मुकादमच. मात्र खलाशाकडे एक वस्तू होती जी गिरणी कामगाराकडे नव्हती: नल्ली. प्रत्येक सफरीनंतर कुठल्या बोटीवर किती दिवस काम केले, वर्तणूक कशी होती याची नोंद होणारे पुस्तक. खलाशी ते जिवापाड सांभाळत, कारण नल्ली हरवली म्हणजे पंधरा-वीस वर्षांची नोकरी हरवली. पुढे आयटीआयच्या सर्टिफिकेटला कोकणात जो मान मिळाला त्याची सवय या नल्लीने लावली असावी असा माझा तर्क आहे. तर्कच, पुरावा नव्हे. पण ज्या मोहल्ल्यांत आणि वाड्यांत आजोबांची नल्ली आहे, तिथेच नातवाचे सर्टिफिकेट सर्वांत व्यवस्थित ठेवलेले मी पाहिले आहे.

सरकारच्या दरबारी या काळात काय चालले होते? समित्या. १९१६ ते १९१८ हॉलंड साहेबांचे इंडस्ट्रियल कमिशन. त्यानंतर मुंबई इलाख्यापुरती विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखाली १९२१-२२ची तांत्रिक शिक्षण समिती, जिच्यात एकमत होऊ शकले नाही. मुंबईत १८८७पासून व्हीजेटीआय होती आणि तिने चांगले तंत्रज्ञ घडवले. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथेच शिकवत होते आणि बढती डावलली गेल्यावर बाहेर पडले. पण राजापूरच्या किंवा मंडणगडच्या कुळाच्या मुलाला व्हीजेटीआय विलायतेइतकीच दूर होती.

दार उघडले ते युद्धाने. १९४० साली सरकारला कारखान्यांसाठी आणि फौजेसाठी फिटर, टर्नर, वेल्डर हजारोंनी आणि ताबडतोब हवे झाले. बापाच्या हाताखाली दहा वर्षे शिकण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता. म्हणून तांत्रिक प्रशिक्षणाची युद्धकालीन योजना निघाली. काही महिन्यांत शिकवायचे, आणि शिकत असतानाच विद्यावेतन द्यायचे. या दुसऱ्या गोष्टीकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. शिकण्याचा खरा खर्च फीचा नसतो, बुडालेल्या मजुरीचा असतो, हे सरकारने या देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच मान्य केले होते.

जुलै १९४२मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे आले आणि ही योजना त्यांच्या खात्याच्या कक्षेत होती. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्यांच्याकडे ती यावी हा योगायोग, पण अर्थपूर्ण. २९ ऑक्टोबर १९४२ला त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्य वर्गाच्या तक्रारींविषयी जे निवेदन दिले त्यात वकिली आणि साहित्यापेक्षा विज्ञान व तंत्रशिक्षणावर भर आहे, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने इथे या वर्गातील मुलांना उमेदवार म्हणून शिकवावे अशी मागणी आहे. विणाईच्या खात्याचे बंद दार ज्यांनी पाहिले होते त्यांनी ही मागणी का केली हे वेगळे सांगायला नको. सरकारी कारखान्यात शिकवणारा जात पाहून नकार देऊ शकणार नाही, आणि शिकल्याचा दाखला सरकार देईल.

युद्ध संपल्यावर हीच यंत्रणा फौजेतून सुटलेल्या जवानांसाठी वापरली गेली, मग फाळणीच्या निर्वासितांसाठी, आणि १९५०मध्ये तिच्यातून कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली. शिवराव समितीच्या शिफारशीनंतर १९५६मध्ये संस्थांचा कारभार राज्यांकडे गेला आणि ट्रेड, अभ्यासक्रम, परीक्षा यांचे प्रमाण ठरवायला राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. १९६१चा अ‍ॅप्रेंटिस कायदा हा त्याचा दुसरा खांब: कारखान्यांनी उमेदवार घेतलेच पाहिजेत. रत्नागिरीच्या नाचण्याकडे जाणाऱ्या रस्त्याने निळ्या-खाकी कपड्यांतली मुले जाताना दिसतात त्यामागे एवढा प्रवास आहे.

आता त्या शेडमध्ये काय शिकवतात ते थोडे सांगतो, कारण साहित्यिक मासिकांच्या वाचकांचा तिथे सहसा संबंध येत नाही. फिटर ट्रेडच्या मुलाला पहिले काही आठवडे यंत्राजवळ फिरकूही देत नाहीत. त्याला पोलादाच्या पट्टीचा एक तुकडा, हॅकसॉ आणि कानस दिली जाते. तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि घासायचा. पृष्ठभाग सपाट करायचा, कडा काटकोनात आणायच्या. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. मधून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचे. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना दाब सोडायचा. सुरुवातीला प्रत्येकाचा तुकडा मध्ये फुगीर आणि कडांना उतरता होतो, कारण दोन हातांचा दाब सारखा राहत नाही. तळहाताला फोड येतात, फुटतात, घट्टे पडतात. मग व्हर्निअर कॅलिपर येतो, जो मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजतो, आणि मायक्रोमीटर, जो शंभरावा. पुढे एक खाच असलेला आणि एक ती खाच भरणारा असे दोन तुकडे करायचे असतात. दोन्ही एकमेकांत सरकले पाहिजेत पण खुळखुळता कामा नयेत.

आमच्या आळीतले एक निवृत्त फिटर आहेत. मी त्यांना विचारले, "काका, एवढे घासून नोकरीत उपयोग काय? सगळे तर यंत्र करते." ते म्हणाले, "उपयोग घासण्याचा नाही. चूक किती झाली ते आकड्यात सांगता येतं, त्याचा उपयोग. मुकादम म्हणायचा, 'बरं झालंय' नाहीतर 'वाईट झालंय'. व्हर्निअर म्हणतो, 'सहा शतांश जास्त'. व्हर्निअरशी भांडता येत नाही आणि त्याला दस्तुरीही द्यावी लागत नाही."

यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मला कुठल्या अहवालात सापडलेले नाही.

या कागदाची किंमत जिल्ह्याला सर्वांत स्वच्छ दिसली ती १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य परत गिरणीत गेलेच नाहीत. ते गावाला आले. पंचवीस वर्षे माग चालवलेल्या माणसाजवळ काय होते? गिरणीचा पास, फंडाची चिठ्ठी, युनियनची पावती. कौशल्य होते, आणि ते कुणालाही हेवा वाटावे असे होते, पण ते विशिष्ट मागाचे, विशिष्ट खात्याचे होते आणि त्याची साक्ष देणारी एकमेव माणसे म्हणजे त्याच खात्यातले बेकार सहकारी. खात्याबाहेर त्या हाताला नाव नव्हते. ज्यांच्याकडे ट्रेडचे सर्टिफिकेट होते त्यांना निदान ठाणे-बेलापूर पट्ट्यात अर्ज करता येत होता. अर्ज करता येणे म्हणजे नोकरी मिळणे नव्हे, हे कबूल. तरी त्या दशकात आपल्या मुलांना 'काहीही कर, पण आधी कागद घे' असे सांगणारे बाप गावोगाव तयार झाले, ते अनुभवाने.

अनुभवी कामगारांना बाहेरून परीक्षेला बसून हा दाखला मिळवण्याची सोय होती, आणि २०१५नंतर 'पूर्वज्ञानाची मान्यता' अशा नावाने तिचा नवा अवतारही आला. गिरणी कामगारांच्या बाबतीत ती सोय तीस वर्षे उशिरा आली असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा प्रवाह आखाताकडे गेला. १९७३नंतर तेलाचे भाव चढले आणि दुबई, कुवेत, सौदीतल्या कामांसाठी मुंबईतल्या एजंटांच्या शेडमध्ये वेल्डर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन यांच्या चाचण्या होऊ लागल्या. इथे पुन्हा मध्यस्थ आला, पण एक फरक पडला होता. १९८३च्या परदेशगमन कायद्याखाली कमी शिकलेल्या मजुरांना आखातात जाण्यासाठी सरकारी परवानगी घ्यावी लागे. ज्यांना ती लागत नाही अशांच्या यादीत राष्ट्रीय किंवा राज्य परिषदेच्या मान्यतेची दोन वर्षांची पदविका मिळवलेलेही आहेत. वायरमनसारख्या ट्रेडला आठवी पासवर प्रवेश मिळत असे, हे लक्षात घेतले तर याचा अर्थ उलगडतो. दहावीला गणितात किंवा इंग्रजीत गेलेला मुलगाही या मार्गाने पासपोर्टावरच्या त्या अडसरातून सुटू शकत होता. राजिवडा, पावस, दापोली, खेडच्या कित्येक घरांचे स्लॅब या एका तरतुदीवर उभे आहेत असे मी म्हटले तर ते थोडे वाढवून बोलणे होईल, पण फार नाही.

आता आजचा हिशेब. तो मी आकड्यांत मांडतो. आकडे मी धरलेले आहेत, वाचकाने आपल्या घरचे घालून पाहावेत. दहावी झालेला मुलगा शिकायला गेला नाही, गवंड्याच्या हाताखाली किंवा बागेत गेला, तर दिवसाला ५०० रुपये धरू. पावसाळा, बंद मासेमारी, आंब्याचा हंगाम संपल्यावरचा रिकामा काळ हे धरून महिन्याला सरासरी १८ दिवस काम. म्हणजे ९,००० रुपये. दोन वर्षांत २ लाख १६ हजार. आयटीआयला गेला तर हे बुडाले. सरकारी संस्थेत फी नाममात्र असते, पण एसटीचा पास, कपडे, बूट, वह्या, डबा मिळून दोन वर्षांचे २०,००० धरू. उलट बाजूला विद्यावेतन. आपल्या राज्यात ते कित्येक दशके महिना ४० रुपये होते. चहाच्याही पैशांना पुरे पडत नसे. २०२३मध्ये मंत्रिमंडळाने ते ५०० केले. ज्याला ते मिळते त्याला वीस महिन्यांचे १०,००० मिळतील. म्हणजे दोन वर्षांचा निव्वळ खर्च २ लाख २६ हजार. त्यानंतर एक वर्ष अ‍ॅप्रेंटिस. २०१९च्या नियमांनी प्रमाणपत्रधारकाला महिना किमान ७,००० ठरवले, ते मजुरीपेक्षा २,००० कमी, म्हणजे वर्षाचे आणखी २४,०००. एकूण अडीच लाख. 'सरकारी आयटीआय फुकट असते' असे म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवावासा वाटतो.

हे अडीच लाख वसूल कधी होतात? मुलाला घरापासून जवळ, समजा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, कंत्राटावर १४,०००ची नोकरी मिळाली आणि तो घरी जेवला तर मजुरीपेक्षा महिना ५,००० जास्त. पन्नास महिन्यांत, म्हणजे चार वर्षांहून थोड्या जास्त काळात, वसूल. तोच मुलगा चाकणला गेला, १७,००० मिळाले, पण खोली, मेस, प्रवास यांत ८,००० गेले, तर हातात उरले ९,०००. मजुरीइतकेच. अडीच लाख कधीच वसूल होत नाहीत. आणि तिथेच तो कायम झाला, ३०,००० मिळू लागले, तर खर्च जाऊन २२,००० उरतात, वसुलीला वीस महिने पुरतात. कागद तोच, मुलगा तोच, हात तोच. उत्तर बदलते ते कारखाना कुठे आहे आणि नोकरी कंत्राटाची की कायमची यावर. सर्टिफिकेटने माणसाला मुकादमापासून सोडवले आणि कंत्राटदाराच्या दारात आणून उभे केले, असे कुणी म्हटले तर मला त्याला खोडून काढता येत नाही. फाटकावर आज 'कुणाचा माणूस?' विचारत नाहीत. 'कुठल्या कॉन्ट्रॅक्टरचा?' विचारतात.

पैशात न बसणाऱ्या गोष्टीही आहेत. बागेतल्या गड्याची मजुरी विशीत आणि चाळिशीत जवळपास सारखीच असते, चाळिशीत कंबर मात्र सारखी नसते. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, ही शिडी मजुरीला नाही. मुलींसाठी राज्यात ३० टक्के जागा राखीव आहेत. त्यांच्या बाबतीत हिशेबाची पहिली ओळच निराळी असते, कारण अजून पुष्कळ घरांत मुलीने चाकणला खोली घेणे हा पर्याय धरलाच जात नाही.

आणि एक विचित्र चित्र. आमची मुले पुण्याला, मुंबईला जातात आणि आमच्या हापूसच्या बागांत व मच्छीमार बोटींवर नेपाळहून आलेली माणसे राबतात. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत आम्ही होतो, त्या जागी इथे आज ते आहेत. त्यांनाही कुणीतरी गाववाला घेऊन येतो, त्यांच्याजवळही कागद नसतो.

म्हणून शेवटी प्रश्न कारखान्यांवर येतो, आणि रत्नागिरीत कारखान्यांचा इतिहास म्हणजे वादांचा इतिहास. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टरलाइटचा तांबे प्रकल्प इथे येणार होता. लोकांनी विरोध केला, तो १९९३मध्ये थांबला आणि तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे २०१८ साली आंदोलकांवरच्या गोळीबारात तेरा माणसे मेली आणि कारखाना बंद झाला. रत्नागिरीकरांनी विरोध केला तो चूक होता असे आज म्हणायला धाडस लागेल. गुहागर तालुक्यातल्या एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ला सुरू झाला आणि २००१ला बंद पडला. त्याच्या भरवशावर इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतलेल्या मुलांचे दोन वर्षांत जग उलटेपालटे झाले. दुसरीकडे गोळप-रनपारचा फिनोलेक्सचा कारखाना, लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत, जयगडचे वीज केंद्र यांनी माणसे घेतलीही. नाणारची रिफायनरी आली नाही, बारसूचा वाद ताजा आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

मला एवढेच नोंदवायचे आहे की या प्रत्येक वेळी व्यासपीठावरून 'स्थानिकांना रोजगार' हे शब्द उच्चारले गेले आणि पुढे कोणत्या ट्रेडच्या किती जागा, हे क्वचितच. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात असे राज्याचे धोरण १९६८पासून आहे, २००८च्या शासननिर्णयात ते पुन्हा सांगितले गेले. त्या धोरणात 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिलेला. जिल्ह्याचा नव्हे, तालुक्याचा नव्हे. गोळपच्या फाटकावर गोळपचा मुलगा आणि गोंदियाचा मुलगा दोघेही सारखेच स्थानिक. राज्याच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण वरच्या हिशेबात फरक पडतो तो मुलगा रात्री आपल्या घरी जेवतो की मेसमध्ये यानेच, आणि ही ओळ मला अजून कुठल्याही शासननिर्णयात आढळलेली नाही.